केमोच्या जोडीला प्रतिकारपेशी: जठराच्या पसरलेल्या कर्करोगासाठी घेतलेल्या सेवेचे परीक्षण

जठराचा कर्करोग यकृतात किंवा उदरपोकळीच्या आवरणावर पसरला, की केमोथेरपीच्या जोडीने रुग्णाच्याच रक्तातील प्रतिकारपेशी प्रयोगशाळेत वाढवून परत देण्याची सेवा काही खाजगी केंद्रे देतात. माझ्या थोरल्या बहिणीसाठी आम्ही अशा एका केंद्राची सेवा घेतली. तिची केमो वेगळ्या रुग्णालयात, तिथल्या कर्करोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालू होती आणि पेशींचे काम तेवढे या केंद्राकडे होते. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझे म्हणणे एका केंद्रापुरते नाही. ही सेवा ज्या रीतीने समजावली जाते आणि केमोच्या वेळापत्रकात बसवली जाते, त्या रीतीबद्दल आहे. माझे मत आधीच सांगते: पेशी काढण्याचे, वाढवण्याचे आणि देण्याचे काम केंद्राने मन लावून केले, पण त्याचा रुग्णाला किती उपयोग होईल याबद्दल जे सांगितले गेले, त्याला पुराव्याचे पुरेसे पाठबळ नव्हते.

ताईचा रोग निदान झाला तेव्हाच चौथ्या टप्प्यात होता. शस्त्रक्रियेने तो काढता येण्यासारखा नव्हता, म्हणून तिला ऑक्सॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन ही दोन औषधे सुरू झाली. बायॉप्सीच्या नमुन्यावर हर-टू, पीडी-एल१, एमएसआय आणि क्लॉडिन १८.२ या, कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या गाठीच्या खुणांच्या, चारही तपासण्या झाल्या आणि केमोला जोड देता येईल असे एकही लक्ष्य त्यांतून हाती आले नाही. ज्या रुग्णांचे अहवाल असे येतात, त्यांच्या घरच्यांना पेशी-उपचारांचे आकर्षण का वाटते हे मला नेमके ठाऊक आहे. केमो तर चालूच आहे, मग शरीराच्या स्वतःच्या सैन्यालाही का कामाला लावू नये, हा विचार ऐकायला अतिशय सरळ वाटतो. केंद्राच्या समुपदेशकांनीही तो तसाच मांडला.

मांडणी सरळ असली तरी तिच्यात एक मोठी गफलत होती. केंद्राच्या माहितीपत्रकात 'इम्युनोथेरपी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या. पहिली म्हणजे निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे. ती शरीरात आधीपासून असलेल्या टी-पेशींवरचा, म्हणजे कर्करोगपेशींना मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचा, अडसर दूर करतात. ज्या संशोधनातून ती निर्माण झाली, त्यासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. दुसरी म्हणजे रक्तातून पेशी काढून, बाहेर वाढवून, परत शरीरात सोडणे. माहितीपत्रकात नोबेलचा उल्लेख पहिल्या पानावर होता आणि विक्री मात्र दुसऱ्या गोष्टीची होती. पहिल्या प्रकारासाठी जठराच्या कर्करोगात भक्कम पुरावा आहे: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेकमेट-६४९ या चाचणीत दीड हजारांहून अधिक रुग्णांना केमोसोबत निव्होलुमॅब किंवा नुसती केमो देण्यात आली आणि ज्यांचा पीडी-एल१ गुणांक ५ किंवा अधिक होता, त्यांचे मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १४.४ महिन्यांवर गेले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले आणि निम्मे त्याहून कमी. हा निष्कर्ष औषधाचा आहे. वाढवलेल्या पेशींबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि तो पेशींच्या समर्थनार्थ रुग्णापुढे ठेवणे मला गैर वाटते.

मग खुद्द पेशींचा पुरावा काय आहे? केंद्राने ताईला दिलेल्या पेशी मुख्यतः सायटोकाइन-इंड्यूस्ड किलर, म्हणजे सीआयके प्रकारच्या होत्या आणि त्यांच्या जोडीला डेंड्रिटिक पेशी, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशी, होत्या. सीआयके पेशींचे वर्णन स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९९१ मध्ये केले. रक्तातील लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घेऊन त्यांना आधी इंटरफेरॉन-गॅमा, मग सीडी३ विरोधी प्रतिपिंड आणि इंटरल्यूकिन-२ यांच्या सान्निध्यात दोन-तीन आठवडे वाढवले, की टी-पेशी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी या दोघींचे गुण असलेल्या पेशी मोठ्या संख्येने तयार होतात. यकृताच्या कर्करोगात, गाठ काढल्यानंतर किंवा जाळल्यानंतर, या पेशींनी रोग परतण्याचा काळ लांबवल्याचे दक्षिण कोरियातील २३० रुग्णांच्या चाचणीत दिसले आणि ती चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या रुग्णांच्या शरीरात दिसण्याजोगा रोग उरलेला नव्हता, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. उरलेल्या मूठभर पेशींचा माग काढणे वेगळे आणि यकृतभर पसरलेल्या गाठींवर चालून जाणे वेगळे.

जठराच्या चौथ्या टप्प्यातील रोगासाठी प्रतिकारपेशींसह केमो आणि नुसती केमो यांची थेट तुलना करणारी एक जपानी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात ४४ रुग्ण होते. पेशींसह केमो घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ११.५ महिने, तर नुसती केमो घेणाऱ्यांचे ८.३ महिने होते. केंद्राच्या डॉक्टरांनी हा निबंध आम्हाला स्वतःहून दाखवला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे मी लक्षण मानते. तरीही त्या पेशी रक्तातून सहज मिळणाऱ्या नव्हत्या. त्या रुग्णाच्या गाठीच्या सहवासातून मिळवलेल्या आणि त्याच रुग्णाच्या कर्करोगपेशी दाखवून उत्तेजित केलेल्या लिम्फोसाइट होत्या. शिवाय ४४ ही संख्या आशा निर्माण करायला पुरते, उपचाराची रीत ठरवायला पुरत नाही, आणि तुलनेतली केमोही आजच्यापेक्षा बरीच सौम्य होती. हे मुद्दे निबंध दाखवताना सांगितले गेले नाहीत. आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी ते नंतर शांतपणे समजावून सांगितले.

आता या सेवेचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येते. केमो आणि पेशी एकत्र देणे म्हणजे दोन उपचारांची बेरीज नव्हे. त्या दोघांचे एकमेकांशी पटतेही आणि बिनसतेही. पटते ते असे: ऑक्सॅलिप्लॅटिनने मरणाऱ्या कर्करोगपेशी मरताना काही खुणा बाहेर टाकतात आणि त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्यांची ओळख पटणे सोपे जाते, कॅपेसिटाबिनपासून शरीरात तयार होणाऱ्या ५-फ्लुरोयुरॅसिलमुळे प्रतिकाराला दाबून ठेवणाऱ्या काही पेशी कमी होतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. सायक्लोफॉस्फामाइड आणि फ्लुडाराबिन ही केमोची औषधे देऊन शरीरातील जुन्या लिम्फोसाइट आधी कमी केल्या, तर नव्याने सोडलेल्या पेशींना जागा मिळते आणि इंटरल्यूकिन-७ व इंटरल्यूकिन-१५ यांसारखी वाढीची द्रव्ये त्यांच्या वाट्याला अधिक येतात. बिनसते ते असे: केमो रक्तातील पांढऱ्या पेशी घटवते, त्यामुळे केमोच्या काही फेऱ्यांनंतर काढलेल्या लिम्फोसाइट संख्येने कमी आणि वाढायला मंद असू शकतात, आणि सोडलेल्या पेशींच्या पाठोपाठ केमोचा पुढचा डोस पडला, तर आठवडेच्या आठवडे खर्चून वाढवलेल्या पेशींवरही त्याचा घाव पडतो.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे केंद्राचे लक्ष आम्हाला वेधावे लागले. ऑक्सॅलिप्लॅटिनच्या वेळी उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सर्रास दिले जाते, आणि स्टेरॉइड लिम्फोसाइटना दडपते. म्हणजे एका हाताने पेशी द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने त्यांना झोपवायचे, असा प्रकार नकळत होऊ शकतो. आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी डेक्सामेथासोन फक्त ऑक्सॅलिप्लॅटिनच्या दिवसापुरते ठेवले, उलट्यांसाठी पुढचे दिवस वेगळी औषधे दिली आणि पेशी देण्याची तारीख तिसऱ्या आठवड्यात घेतली. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या १४ दिवस असतात आणि नंतरचे ७ दिवस विश्रांतीचे, त्यामुळे पेशींसाठी तोच आठवडा मोकळा होता. हा समन्वय रुग्णालयाच्या पुढाकाराने झाला. केंद्राने रुग्णालयाकडून औषधांची यादी मागवायला हवी होती, तारखा दोघांनी मिळून ठरवायला हव्या होत्या. प्रत्यक्षात फायली इकडून तिकडे आम्हीच नेत होतो. ज्या सेवेचा सारा दावा 'केमोच्या जोडीने' या शब्दांवर उभा आहे, तिच्यात केमो देणाऱ्या डॉक्टरांशी बोलण्याची ठरलेली पद्धत नसावी, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

तितकीच गंभीर गोष्ट अशी, की पेशी काढण्यासाठी पहिली केमो पुढे ढकलावी, असे समुपदेशकांनी सुचवले होते. केमोआधी काढलेल्या लिम्फोसाइट चांगल्या असतात हे त्यांचे कारण खोटे नव्हते. पण जठराचा पसरलेला कर्करोग थांबून राहत नाही. पोटात पाणी साठू लागले, खाणे बंद झाले, वजन उतरले, की जो रुग्ण काल केमो सोसण्याच्या अवस्थेत होता तो आज राहत नाही. कर्करोगतज्ज्ञांनी केमो ठरल्या दिवशीच सुरू केली आणि पेशी पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या मध्ये, रक्ताचे आकडे सावरल्यावर काढल्या. पेशींची वाढ पुरेशी झाली. या सेवेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की, पेशींसाठी केमो थांबवायला कोणी सांगत असेल, तर आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलावे आणि त्यांचा शब्द अंतिम मानावा.

प्रत्यक्ष पेशी काढण्याची प्रक्रिया, म्हणजे ल्युकाफेरेसिस, केंद्राने उत्तम हाताळली. एका हातातून रक्त यंत्रात जाते, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. याला काही तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या सायट्रेटमुळे रक्तातील कॅल्शियम खाली येते आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. परिचारिकेने हे आधीच सांगून ठेवले होते, मुंग्या सुरू होताच यंत्राचा वेग कमी केला आणि कॅल्शियम दिले. ताईच्या शिरा केमोमुळे नाजूक झाल्या होत्या, तरी सुई पुन्हा टोचण्याची वेळ आली नाही. रुग्णाला आत बसून कंटाळा येतो, थंडी वाजते, लघवीला उठता येत नाही, याचीही त्यांना जाण होती. पेशी परत देताना दोन वेळा संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला आणि तो पॅरासिटामॉलने उतरला. याचीही पूर्वकल्पना दिलेली होती. सीआयके पेशींचे दुष्परिणाम बहुधा इतपतच असतात.

धोका असतो तो दूषित पेशींचा. जी पिशवी शिरेतून थेट रक्तात जाते, तिच्यात जंतू असले तर रक्तात संसर्ग पसरू शकतो, आणि केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णाला तो झेपत नाही. जपानमध्ये २०२४ साली एनके पेशी घेतल्यानंतर दोन व्यक्तींना गंभीर संसर्ग झाला आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने संबंधित दवाखान्याला तो उपचार तातडीने थांबवण्याचा आदेश दिला. म्हणून प्रत्येक पिशवीबरोबर निर्जंतुकता, मायकोप्लाझ्मा (एक सूक्ष्म जंतू) आणि एन्डोटॉक्सिन (जंतूंचे विष) यांच्या चाचण्यांचा अहवाल, जिवंत पेशींचे प्रमाण, एकूण संख्या आणि सीडी३ व सीडी५६ या खुणा धारण करणाऱ्या पेशींचा वाटा लेखी मागावा. आमच्या केंद्राने हा अहवाल मागितल्यावर तत्परतेने दिला, आणि तो तपशीलवार होता. न मागता दिला असता तर मी याहून मोकळेपणाने कौतुक केले असते.

निकालाच्या बाबतीत मात्र केंद्राशी माझे तीव्र मतभेद झाले. केमोच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतरच्या स्कॅनमध्ये यकृतातील गाठी लहान झालेल्या दिसल्या. आम्हा सर्वांना अतोनात आनंद झाला. केंद्राच्या पुढच्या अहवालात ही सुधारणा 'पेशी-उपचाराला मिळालेला प्रतिसाद' म्हणून नोंदवली गेली. ऑक्सॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन यांनी अनेक रुग्णांत गाठी अशाच लहान होतात. दोन्ही उपचार एकत्र चालू असताना एका रुग्णाच्या स्कॅनवरून श्रेय कोणाचे हे सांगता येणे शक्य नाही, त्यासाठीच तर तुलनात्मक चाचण्या करतात. मी तसे लिहून दिल्यावर अहवालातील वाक्य बदलले गेले. पण जी घरे असे लिहून देत नाहीत, त्यांच्या फायलींत ते वाक्य तसेच राहते, आणि पुढे तीच प्रकरणे नव्या रुग्णांच्या घरच्यांना यशाची उदाहरणे म्हणून दाखवली जातात, याचे मला फार वाईट वाटते. चीनमध्ये २०१६ साली सांध्याजवळच्या दुर्मीळ सार्कोमाने आजारी असलेल्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने अशाच पेशी-उपचारांवर घरची पुंजी खर्च केली, उपयोग झाला नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर उसळलेल्या संतापामुळे तिथल्या प्रशासनाला या सेवेची खुली विक्री थांबवावी लागली. त्यानंतर इतकी वर्षे उलटूनही समुपदेशनाची भाषा तीच राहावी, हे मला पटत नाही.

प्रतिकारपेशींचे सारेच प्रयत्न व्यर्थ आहेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. क्लॉडिन १८.२ ओळखणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या सीएआर-टी पेशींचा सॅट्रि-सेल हा उपचार चीनमधील तुलनात्मक चाचणीत १५६ रुग्णांमध्ये तपासला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. किमान दोन उपचार निष्फळ ठरलेल्या या रुग्णांत रोग वाढेपर्यंतचा काळ १.७७ महिन्यांवरून ३.२५ महिन्यांवर गेला आणि आयुर्मान सुमारे साडेपाच महिन्यांवरून जवळपास आठ महिन्यांवर गेले. आकडे लहान आहेत, तरी इतक्या पुढच्या अवस्थेत ते लहान नाहीत. इथे केमोची भूमिकाही वेगळी आहे: पेशींना जागा करून देण्यासाठी आधी फ्लुडाराबिन, सायक्लोफॉस्फामाइड आणि पॅक्लिटॅक्सेल देतात. मात्र या उपचारात ९९ टक्के रुग्णांना गंभीर स्वरूपाचे दुष्परिणाम झाले, बहुतेकांना सायटोकाइनचा, म्हणजे प्रतिकारपेशींनी सोडलेल्या द्रव्यांचा, उद्रेक झाला आणि क्लॉडिन निरोगी जठराच्या अस्तरावरही असल्यामुळे अस्तराला इजा होण्याचा धोका राहतो. असा उपचार अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच होऊ शकतो. केंद्राच्या समुपदेशकांनी सीएआर-टी आणि सीआयके एकाच दमात सांगितले होते. त्या दोहोंत 'पेशी-उपचार' हे नाव सोडून फारसे साम्य नाही.

पैसा आणि शक्ती मर्यादित असताना पेशींच्या आधी काय करावे, याबद्दल माझे मत या अनुभवातून पक्के झाले आहे. वर सांगितलेल्या चारही तपासण्या आधी पूर्ण व्हाव्यात, कारण हर-टू असलेल्यांना ट्रॅस्टुझुमॅब, क्लॉडिन असलेल्यांना झोल्बेटुक्सिमॅब आणि एमएसआय जास्त असलेल्यांना पेम्ब्रोलिझुमॅब यांचा लाभ चाचण्यांतून सिद्ध झालेला आहे. केंद्राने या अहवालांची चौकशीसुद्धा न करता ताईला स्वीकारले होते. त्यानंतर आहार आणि मन यांची काळजी. जठर आणि अन्ननलिकेच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ३२८ रुग्णांवर चीनमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केमोसोबत सुरुवातीपासूनच आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ यांची नियमित मदत मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान १४.८ महिने होते, तर नेहमीची देखभाल मिळालेल्यांचे ११.९ महिने. एवढ्या रुग्णांवर तपासलेला, ताप-थंडी न आणणारा हा उपाय कोणत्याही माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर शोभला असता. ताईसाठी आहारतज्ज्ञांची नेमणूक रुग्णालयाने केली, आणि थोडे थोडे, दर दोन-अडीच तासांनी खाण्याचा त्यांनी लावलेला क्रम तिला पेशींच्या पिशव्यांपेक्षा अधिक उभारी देऊन गेला, असे तीच म्हणते.

ठरलेल्या पिशव्या संपल्यावर आम्ही पुढची फेरी घेतली नाही. केंद्राने आग्रह केला नाही, गोठवून ठेवलेल्या उरलेल्या पेशी लेखी विनंतीवरून नष्ट केल्याचे पत्रही दिले, आणि या शेवटच्या व्यवहारात त्यांचे वागणे सभ्य होते. रोग पुन्हा वाढू लागल्यावर ताईला पॅक्लिटॅक्सेल आणि रामुसिरुमॅब सुरू झाले आहे.

परिचर्या आणि प्रयोगशाळा यांना मी पाचपैकी चार गुण देईन, केमोच्या डॉक्टरांशी समन्वयाला दोन आणि समुपदेशनाला एक. स्वतःच्या खर्चाने, चाचणीबाहेर ही सेवा घेण्याची शिफारस मी करणार नाही. ज्यांना पेशी-उपचार हवाच आहे, त्यांनी नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीत प्रवेश मिळतो का हे आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. तिथे पुराव्याचे प्रश्न लपवले जात नाहीत आणि रुग्णाकडून येणारे उत्तर पुढच्या रुग्णाच्या कामी येते. अशा चाचण्यांत क्लॉडिनसारख्या खुणा पुन्हा तपासायला मूळ बायॉप्सीचा मेणातील ठोकळा लागू शकतो, म्हणून तो निदान झालेल्या रुग्णालयात सुरक्षित आहे ना, आणि त्यात तपासणीपुरती ऊती शिल्लक आहे ना, याची चौकशी केमोच्या पहिल्या फेरीच्या सुमारासच करून ठेवावी.